गंडलात म्हणणारा माणूस

दोन इमारतींच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत घड्याळजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक काचेचं टेबल, एक वाकवता येणारा दिवा, एक स्टूल आणि भिंतीवर बावीस घड्याळं, प्रत्येक आपापल्या मर्जीची वेळ दाखवणारं. उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा, म्हणून घड्याळजी गेली एकतीस वर्षं बसूनच होते. गिऱ्हाईक उभं आणि हे बसलेले, तरी वरून खाली बघण्याचं काम हेच करायचे. ते कसं जमवायचे कोण जाणे.

दुरुस्ती ते उत्तम करत. पण लोक त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी कमी आणि निकालासाठी जास्त यायचे. कोणाला बाजारात स्वस्तात घबाड मिळालेलं असायचं, कोणाला परदेशातल्या मित्राने ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून काही आणलेलं असायचं. घड्याळजी भिंग डोळ्याला लावत, मागचं झाकण उघडत, आत एकदाच बघत. झाकण बंद करत, भिंग काढत, पिवळ्या फडक्याने पुसत आणि म्हणत, ‘‘गंडलात.’’

बस, एवढंच. पुढे ‘होतं असं कधीकधी’ नाही, मागे ‘वाईट वाटून घेऊ नका’ नाही.

आता या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घड्याळजींचं निम्मं आयुष्य त्याच्यावरच चाललं होतं. गंडण्यासाठी आपल्याकडे शब्दांना काही तोटा नाही. ‘फसवणूक झाली’ हे पोलीस चौकीत लिहून द्यायचं. त्यात सगळा दोष समोरच्याचा. ‘विश्वासघात झाला’ हे नातेवाइकांना सांगायचं. त्यात तर आपण थोरच ठरतो. ‘टोपी घातली’, ‘चुना लावला’ म्हटलं की निदान त्या लबाडाच्या हातचलाखीचं कौतुक होतं आणि आपलं त्या गर्दीत निभावून जातं. वर्तमानपत्रात ‘लाखोंचा गंडा’ असं छापून आलं, तर ज्याला गंडा घातला तो चक्क मोठा माणूस वाटायला लागतो. लाखो होते म्हणून तर गेले ना! पण ‘गंडलात’ या शब्दात लबाड कुठे दिसतच नाही. दिसतो तो एकटा आपला माणूस, तोंडही उघडं आणि पाकीटही उघडं. म्हणून हा शब्द शेजाऱ्याबद्दल लगेच वापरतात, सख्ख्या भावाबद्दल हसत हसत वापरतात आणि स्वतःबद्दल दहा वर्षांनी, तेही दुसरा कोणी आपल्यापेक्षा मोठा गंडल्याचं कानावर आल्यावर. थोडंसं फसता येतं. थोडासा गंडलेला माणूस मात्र अजून कोणी पाहिलेला नाही.

त्यातून घड्याळजी अहो-जाहो करत. ‘गंडलास’ म्हटलं असतं तर एखादा तरी भांडला असता. इथे मान राखून अपमान व्हायचा, त्यामुळे भांडण कुठून सुरू करावं हेच कोणाला सुचायचं नाही. माणूस घड्याळ खिशात टाकून निमूट चालायला लागायचा. पाठीमागे लोक त्यांना गंडलातकाका म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. बायकोने दटावलं नसतं तर पाटीवरही लिहून घेतलं असतं.

शब्द काढताना त्यांनी कधी माणूस पाहिला नाही. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी निरोपसमारंभातलं घड्याळ घेऊन आले, पट्टा सैल होतो म्हणून. काम पट्ट्याचं. पण घड्याळजींनी कोणी न विचारता मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, ‘‘गंडलात. म्हणजे तुम्ही नाही, शाळा.’’ गुरुजी पट्टा तसाच सैल ठेवून गेले. सख्ख्या मेहुण्याला भर जेवणाच्या पानावर हा शब्द ऐकवला, तेव्हा तो चार वर्षं घरी आला नाही. ‘‘मी आजवर कुणाला बरं वाटावं म्हणून बोललो नाही,’’ असं घड्याळजी अभिमानाने सांगायचे. ‘‘मला तर मुळीच नाही,’’ असं बायको आतून दुजोरा द्यायची.

आणि घड्याळ खरं निघालं तर? तर ते म्हणत, ‘‘ठीक आहे.’’ त्यांच्या तोंडच्या या दोन शब्दांना बाजारात जी किंमत होती ती छापील हमीपत्राला नव्हती. ‘ठीक आहे’ मिळालेला माणूस बाही वर सरकवून घरी जायचा आणि वाटेत भेटेल त्याला, कोणी विचारलेलं नसताना, किती वाजले ते सांगायचा.

असा सगळा रुबाब चाललेला असताना मुलीने लग्न ठरवलं.

मुलगी एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीशी बसायची. मुलगा पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होता. शहराच्या टाक्यांमधलं पाणी बाटल्यांत भरून यायचं, हा ते तपासून पास किंवा नापास ठरवायचा. सरळ, हसरा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घड्याळजींना तसं काही वावगं दिसलं नाही. तो रविवारी सकाळी घरी यायचा होता आणि शनिवारी मुलगी बापासमोर येऊन बसली.

‘‘बाबा, त्यानं नवीन घड्याळ घेतलंय.’’

‘‘बरं मग?’’

‘‘ऑटोमॅटिक आहे म्हणतो. सेल लागत नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. ऑफिसात एक विकणारा येतो, त्याच्याकडून घेतलं. बंदरावर अडकलेला माल म्हणे.’’ ती थांबली. घड्याळजीची मुलगी होती ती, तिला काय दिसायचं ते दिसलं होतं. ‘‘सेकंदकाटा उड्या मारतो त्याचा. मला कळलंय. तुम्हालाही कळेल. पण उद्या तो शब्द तोंडातून काढायचा नाही.’’

‘‘अगं, पण खरं ते—’’

‘‘खरं-बिरं काही नाही. त्याचा पहिला दिवस आहे आपल्याकडे. तुम्ही त्याला तोंडावर गंडलात म्हणालात, तर मी कोर्टात जाऊन सह्या करीन आणि तुम्हाला बोलावणार नाही.’’

‘‘आणि मी तिच्याबरोबर जाईन,’’ आतून आवाज आला.

रविवारी मुलगा आला. दारातच घड्याळजींची नजर त्याच्या मनगटावर गेली. खऱ्या ऑटोमॅटिकचा सेकंदकाटा सरकत राहतो, दर सेकंदाला थबकत नाही. हा टुकटुक उड्या मारत होता, आणि तीन हात लांबूनही ते दिसत होतं. घड्याळजींनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत ‘या, बसा’ म्हटलं. पुढचा अर्धा तास ते पाण्याबद्दल इतके प्रश्न विचारत राहिले की मुलाला वाटलं, यांच्या नळाला काहीतरी झालंय.

पण जे व्हायचं ते झालंच. मुलाने आपणहून घड्याळ काढलं आणि पुढे केलं.

‘‘काका, जरा बघून सांगता? आई म्हणते, गंडलास. मी म्हटलं, घड्याळजी सांगतील ते खरं.’’

मुलीने बापाकडे पाहिलं. बायको ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. घड्याळजींनी भिंग आणलं, झाकण उघडलं. आत बोटाच्या नखाएवढं सेलवरचं मशीन होतं आणि एवढ्या मोठ्या डब्यात ते हलू नये म्हणून भोवती पांढऱ्या प्लॅस्टिकची कडी बसवली होती. लबाडाने निदान कडीचा रंग तरी बदलायचा. घड्याळजींनी झाकण लावलं, भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. एकतीस वर्षांत तो असा परत कधी गिळला नव्हता.

‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोट्याला टेकू देत बसतो. ‘‘चांगलं आहे. मशीन उत्तम आहे. जपून वापरा,’’ असं आणखी तिप्पट बोलून ते मोकळे झाले. मुलाचा चेहरा खुलला. मुलीने डोळ्यांनीच बापाचे आभार मानले. बायकोने त्या दिवशी न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

पुढचे तीन आठवडे घड्याळजींनी दुकानात तो शब्द इतका वापरला की विचारू नका. गिळलेला शब्द भरून काढत होते जणू. सेल संपलेल्या घड्याळालासुद्धा गंडलात, काच तडकलेल्यालाही गंडलात. अशात एक दिवस दुकानासमोर एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, हातात पिशवी नाही, नुसतं घड्याळ.

‘‘बंद पडलंय. तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत घेऊन.’’

घड्याळजींनी झाकण उघडलं. नखाएवढं मशीन, पांढरी कडी, मेलेला सेल. घड्याळ ओळखीचं वाटलं, पण शब्द विचाराच्या आधी बाहेर पडला.

‘‘गंडलात.’’

बाई हलली नाही. ‘‘असं कसं? तुम्हीच तर पास केलंत.’’

‘‘मी?’’

‘‘पाण्याच्या प्रयोगशाळेत असते मी. आमच्याकडच्या त्या मुलानं तुम्हाला आणून दाखवलं ना? तुम्ही म्हणालात मशीन उत्तम आहे. मग आम्ही नऊ जणांनी घेतली.’’

‘‘अहो, पण दाखवलं एकच होतं!’’

‘‘एकच दाखवतात,’’ बाई शांतपणे म्हणाली. ‘‘एक बाटली तपासायची आणि अख्खी टाकी पास करायची. आमची पद्धतच ती आहे. आणि तपासणारे तुम्ही. तुमच्याकडून एखादं घड्याळ पास होणं म्हणजे काय, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तो विकणारासुद्धा म्हणत होता, गंडलातकाकांनी पास केलेला माल आहे.’’

एकतीस वर्षं फुकट न वाटलेला शिक्का घड्याळजींनी एका रविवारी, चहाच्या कपावर, एका भामट्याच्या मालावर उमटवला होता.

इथे खरं बोलायची संधी होती. मुलगी समोर नव्हती, बायको आतून बोलायला आत काही नव्हतंच. पण बाई म्हणाली, ‘‘मग त्या मुलाचं पण खोटंच होतं का?’’ आणि घड्याळजींना स्वतःची पाटी दिसली, भिंग दिसलं, बाही वर सरकवून गेलेले सगळे लोक दिसले. ते म्हणाले, ‘‘त्याचं... त्याचं बरोबर होतं. तुम्हाला वेगळा माल दिलेला दिसतो.’’

पहिलं खोटं ते मुलीसाठी बोलले होते, त्याला काहीतरी माफी आहे. हे दुसरं मात्र शुद्ध स्वतःसाठी होतं आणि तेवढ्याच सहजतेने निघालं. सवय लागायला दोनच खेपा लागतात.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी डबा भरायचा सोडून स्वयंपाकघरातच खाली बसली. ‘‘तिथं सगळे म्हणताहेत, यानं विकणाऱ्याकडून पैसे खाल्ले. स्वतः खरं घड्याळ घेतलं, तुम्हाला दाखवलं, आणि बाकीच्यांच्या गळ्यात खोटं मारलं. तो विकणारा तर फोनच उचलत नाही. हाही शपथेवर सांगतो, की मला काही माहीत नव्हतं. कोण ऐकणार? तुमच्या दुकानात येऊन गेल्या त्या मॅडम म्हणाल्या, घड्याळजींनी स्वतः सांगितलं, याचंच तेवढं खरं आहे.’’ तिने डोळे पुसले. ‘‘बाबा, त्याचं खोटंच आहे ना? मी पाहिलंय सेकंदकाट्याला. मग तुम्ही मॅडमना असं का सांगितलंत? माझ्यासाठी?’’

‘हो’ म्हणायचा मोह घड्याळजींना झाला. फार झाला. ‘‘नाही,’’ ते म्हणाले, आणि चपला घातल्या.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबच लांब पांढरी टेबलं, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या, नाकाला झोंबणारा औषधी वास. प्रत्येक चिठ्ठीवर कुठली टाकी, कोणती तारीख, कोणी भरली, सगळं लिहिलेलं. मुलगा खिडकीजवळच्या टेबलाशी एकटा होता. बाकीचे त्याच्याशी फक्त बाटल्यांपुरतं बोलत होते.

घड्याळजींनी सगळ्यांची घड्याळं मागून घेतली. मुलाचंही घेतलं. भिंग लावलं नाही, लावायची गरजच नव्हती. एकेक झाकण उघडून त्यांनी दहाही घड्याळं पालथी, ओळीने, पांढऱ्या टेबलावर मांडली. दहा नखाएवढी मशीनं आणि दहा पांढऱ्या कड्या.

‘‘यातलं याचं कुठलं, ते ओळखून दाखवा,’’ ते म्हणाले.

कोणाला ओळखता आलं नाही.

‘‘हाही तुमच्यासारखाच गंडला. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.’’

‘‘मग उत्तम आहे का म्हणालात?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘हा माझा जावई व्हायचा आहे. तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही.’’

‘‘आणि परवा मला सांगितलंत ते?’’

‘‘तेही खोटं. ते माझं नाव राहावं म्हणून.’’ आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजी उभे होते आणि समोरचे सगळे त्यांच्याकडे वरून खाली बघत होते.

मॅडमनी आपलं घड्याळ उचललं, झाकण दाबून बसवलं. ‘‘म्हणजे आम्ही त्या विकणाऱ्यामुळे नाही गंडलो. त्याच्यावर विश्वास होता कोणाचा? तुमच्यामुळे गंडलो.’’

‘‘हो,’’ घड्याळजी म्हणाले. दुसरा शब्द नव्हताच. एवढी वर्षं ते गंडलेल्यांना पाहत आले होते, पण गंडवणारा कसा दिसतो, ते पाहायला त्यांच्या दुकानात आरसा नव्हता.

मुलगा त्यांना खाली सोडायला आला. रागावला असता तर घड्याळजींना सोपं गेलं असतं. खालच्या पायरीवर तो म्हणाला, ‘‘काका, मला तेव्हाच वाटत होतं हो, गंडलोय म्हणून. आईच्या तोंडून ऐकवत नव्हतं. म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकलं की डोक्यातनं जाईल. त्याच्यासाठीच तर काढून दिलं होतं तुमच्या हातात.’’

घड्याळजींना अगदी शरम वाटली. ज्या एका माणसाने त्यांच्याकडे तो शब्द मागितला होता, नेमका त्यालाच त्यांनी तो दिला नव्हता.

बाकी मग सगळं सुरळीत झालं. मुलावरचं किटाळ गेलं, प्रयोगशाळेत पुन्हा त्याच्याशी लोक बाटल्यांपलीकडचं बोलायला लागले, आणि लग्नाची तारीख ठरली. कोणी कोणाला बोलावणार नाही वगैरे भाषा बंद झाली. मुलगी बापाशी बोलत होती, तीसुद्धा आधीपेक्षा जरा प्रेमानेच. घड्याळजींनी मनाशी म्हटलं, चला, स्वस्तात सुटलो.

लग्नाला दहा दिवस उरले असताना दुपारी विहीणबाई दुकानात आल्या. बोलायला मोजक्या, पण मुलगा गंडलाय हे ज्यांनी भिंगाशिवाय ओळखलं होतं, त्या ह्याच. त्यांनी पर्समधून रुमालाची घडी काढली. घडीत एक लहानसं लंबगोल घड्याळ होतं.

‘‘माझ्या आईचं. सुनेला द्यावं म्हणते. चालतंय, पण देण्याजोगं आहे का ते बघा. नाहीतर उगाच पोरीच्या हातात काहीतरी जायचं.’’

घड्याळजींनी भिंग लावलं आणि झाकण अलगद उघडलं. आत चावीचं मशीन, नाण्यापेक्षा लहान, साठ वर्षांचं, एका चक्रावरही गंज नाही. लाल खडे जागच्या जागी. बारीक कमान श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत होती. असं काही त्यांच्या हाताखालून जाऊन वर्षं लोटली होती. ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले, आणि आपल्या मुलीच्या हातात हे जाणार आहे या विचाराने त्यांना भरून आलं.

‘‘अस्सल आहे,’’ ते म्हणाले. नेहमीचं ‘ठीक आहे’ त्यांना इथे पुरेना. ‘‘अगदी अस्सल आहे हो विहीणबाई. असं मशीन आता कोणी बनवत नाही.’’

विहीणबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, कुचकेपणाही नव्हता.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. घड्याळ रुमालात गुंडाळलं. ‘‘आलेच हं मी.’’

त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. पलीकडे एकजण मोबाईलची कव्हरं आणि रिमोटचे सेल विकायचा, जोडीला चार प्लॅस्टिकची घड्याळं टांगलेली असायची. विहीणबाईंनी रुमाल त्याच्यापुढे उघडला. त्याने घड्याळ कानाला लावलं, हलवून पाहिलं, मग खिशातून चाकू काढून झाकणाच्या फटीत घातला. जिन्याखाली घड्याळजींचे दात करकरले. ते ओरडणार होते, पण कोणत्या तोंडाने ओरडणार? चाकूवाल्याने आत डोकावून मान डोलावली आणि तळव्याने दाबून झाकण बसवलं.

विहीणबाई परत आल्या, त्या मोकळ्या चेहऱ्याने.

‘‘तोपण अस्सलच म्हणाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता कसं, मनात किंतू राहिला नाही.’’

झाकणाच्या कडेला एक नवा, चकचकीत ओरखडा उठला होता. घड्याळजींनी घड्याळ मागून घेतलं, पिवळ्या फडक्याने तो ओरखडा हळूहळू घासायला लागले.

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले, ‘‘विचारून आलात ते.’’